उघडता येणारे वाद्य

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दुरुस्ती करणारा माणूस जेव्हा एखादी वस्तू घडवू लागतो, तेव्हा ती कधी ना कधी बिघडणार, कोणीतरी ती उघडणार, हे त्याने आधीच धरलेले असते. १९५० साली त्यांच्या कारखान्यातून जी गिटार बाहेर पडली आणि नावाच्या वादामुळे १९५१ पासून जिला टेलिकास्टर म्हणू लागले, तिची नेक, म्हणजे बोटे फिरतात ती दांडी, बॉडीला सरसाने चिकटवलेली नव्हती. ती चार स्क्रूंनी आवळलेली होती. व्हायोलिनच्या घराण्यातून आलेल्या कारागिरांना हे ओबडधोबड वाटले असेल, पण फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले तर अख्खी नेक बदलावी आणि गिटार दुसऱ्या दिवशी वादकाच्या हाती द्यावी, इतका साधा हिशेब त्यामागे होता. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तारांचा कंप विजेत बदलणारे तिन्ही पिकअप, स्विच आणि आवाज व टोन कमी-जास्त करणारे पॉट एकाच पिकगार्डवर, म्हणजे बॉडीवरच्या पातळ पत्र्यावर, बसवले होते. त्याचे स्क्रू काढले की वाद्याची जवळजवळ सगळी विद्युतरचना उलटी करून टेबलावर ठेवता येते.

गिटारी जमवणे आणि त्यांच्यात बदल करणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे आणि तो या चार स्क्रूंच्या आधारावर उभा आहे. पुण्यातील आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, सोल्डरिंगची बंदूक, फायलींचा संच आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारी, एवढा त्याचा पसारा.

संग्राहक हा शब्द ऐकला की लोकांना न हाताळलेली, जशी कारखान्यातून आली तशीच राहिलेली वस्तू आठवते, आणि गिटारींच्या बाजारातही मान तिलाच आहे. गिब्सनची १९५८ ते १९६० या काळातील सनबर्स्ट रंगाची लेस पॉल हे याचे टोकाचे उदाहरण. त्या काळात ती फारशी खपली नाही, दोन हजारांहूनही कमी बनल्या आणि १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला. आज तिची किंमत काही लाख डॉलरमध्ये मोजली जाते. अशा गिटारीत एखादी खुंटी बदललेली आढळली, पॉटवरचा सोल्डर नंतर वितळवलेला दिसला, तर किंमत उतरते. वरचा रंग नव्याने दिलेला असेल तर ती साधारण निम्म्यावर येते. मला या काटेकोरपणाबद्दल मनापासून आदर आहे, कारण न उघडलेल्या गिटारीत माणसे सापडतात. १९५४ च्या काही स्ट्रॅटोकास्टरच्या पोकळीत मास्किंग टेपचा तुकडा चिकटवलेला असतो आणि त्यावर जोडणी करणाऱ्या बाईचे नाव, 'मेरी' किंवा 'ग्लोरिया', हाताने लिहिलेले असते. नेकच्या टोकावर ताडेओ गोमेझ यांनी पेन्सिलने टाकलेली अक्षरे आणि तारीख असते. अबिगेल इबारा १९५६ मध्ये फेंडरमध्ये लागल्या आणि त्यांनी पुढे अनेक दशके पिकअपची गुंडाळी केली. त्यांच्या हातचे पिकअप आज लोक नाव घेऊन मागतात. ज्या वाद्यांनी जगाचे कान बदलले, ती घडवणाऱ्या हातांत मेक्सिकन वंशाच्या कामगार बायांचे हात किती होते, हे अशा चिठ्ठ्यांवरून कळते, आणि म्हणून त्या चिठ्ठ्या जागच्या जागी राहिल्या पाहिजेत.

माझा संग्रह मात्र वेगळ्या वाद्यांचा आहे. ज्या गिटारी हजारोंनी बनल्या, ज्यांना कोणी जपून ठेवणार नाही, ज्यांचे लाकूड चांगले आणि विद्युतभाग सुमार, अशा गिटारी मी घेते. यामाहाची पॅसिफिका, ऐंशीच्या दशकातील जपानी बनावटीच्या काही, कोलकात्यात बनलेल्या जुन्या भारतीय गिटारी. विकत घेताना मी आधी नेक पाहते. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाकडून डोळा लावून पाहिले की नेकला पीळ पडला आहे का ते दिसते, आणि पिळलेल्या नेकवर पैसे घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. बाकी सगळे बदलता येते.

बदल करण्याचा माझा नियम एकच आहे: जो बदल केला तो पुसता आला पाहिजे. लाकडात नवे भोक पाडायचे नाही. सोल्डर वितळवण्याआधी मूळ जोडणीचे चित्र कागदावर काढायचे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, त्या गिटारीच्या नावाच्या डब्यात ठेवायचा आणि गिटार विकली तर डबा तिच्याबरोबर जाणार. जुन्या मूर्ती आणि चित्रे जतन करणारे तज्ज्ञ हेच तत्त्व पाळतात, आणि त्यांच्यासारखेच मलाही वाटते की या वाद्याची मी शेवटची मालकीण नाही.

या नियमाविरुद्ध सर्वांत मोठी साक्ष रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलन यांची आहे. सत्तरच्या दशकात त्यांनी ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची नेक घेतली, छिन्नीने बॉडी कोरून तिच्यात गिब्सनच्या एका गिटारीतून काढलेला हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) पिकअप किंचित तिरका बसवला, तो शिट्टी मारू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला आणि सगळ्या नियंत्रणांपैकी फक्त एक व्हॉल्यूमचा पॉट ठेवला. त्या गिटारीत पूर्ववत करता येईल असे काहीही उरले नव्हते. तिकडे लंडनजवळ १९६३ मध्ये किशोरवयातील ब्रायन मे, पुढे क्वीन या बँडचे गिटारवादक, यांनी वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून नेक कोरली, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ट्रेमोलोला (तारांचा ताण हलवून सूर वरखाली करणाऱ्या यंत्रणेला) लावल्या आणि तीच गिटार ते आयुष्यभर वाजवत आले. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेऊन त्यांतील तिघींचे उत्तम भाग एकत्र केले. ती काळी गिटार २००४ च्या लिलावात साडेनऊ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. एकही मूळ जोडणी नसलेल्या वाद्याला ही किंमत आली, कारण ते भाग कोणत्या कानाने निवडले हे लोकांना माहीत होते. या तिघांबद्दल मला अतोनात प्रेम आहे, पण त्यांच्या वाटेने मी जात नाही. त्यांना एक विशिष्ट आवाज हवा होता आणि तो मिळाल्यावर शोध संपला. मला एकाच वाद्यातून निघू शकणारे निरनिराळे आवाज ऐकायचे असतात आणि त्यासाठी मागे येण्याची वाट मोकळी लागते.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये केसाइतकी बारीक, ४२ गेजची तार साधारण आठ हजार वेढे घेते. वर वाद्याची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. पितळेची किंवा नायलॉनची तार लावली तर हे वाद्य जवळजवळ मुके राहते. पिकअप कोठे बसवला आहे याला फार महत्त्व आहे: ब्रिजजवळ (बॉडीवर तारा टेकतात तेथे) तारेची हालचाल थोडी आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे उंच उपस्वर, अधिक, म्हणून तेथला आवाज धारदार, नेकजवळ हालचाल मोठी, म्हणून तेथला आवाज गोल. बॉडीच्या लाकडाने आवाज किती बदलतो यावर वादक रात्ररात्र भांडतात. माझ्या कानांना विचाराल तर पिकअपची जागा, तारेपासूनची त्याची उंची आणि पॉटचे मूल्य या तीन गोष्टींपुढे लाकडाचा वाटा लहान आहे.

आठ हजार वेढ्यांची ही गुंडाळी तारेचा कंप ऐकते तशी घरातील वीजही ऐकते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून ट्यूबलाइटखाली बसले की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण ॲम्प्लिफायरमधून येऊ लागते. गिब्सनमधील अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर सुंदर उपाय काढला: उलट दिशेने जोडलेल्या दोन गुंडाळ्या आणि उलट ध्रुवांचे चुंबकत्व. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, गुणगुण मात्र एकमेकींना खोडते. हाच हंबकर. एका गुंडाळीच्या पिकअपला हा आधार नसतो, म्हणून मी पोकळीच्या आत तांब्याचा चिकट पत्रा लावते, त्याचे सगळे सांधे सोल्डरने जोडते आणि तो अर्थिंगच्या तारेला देते. पण गुणगुण कमी होते म्हणून घराच्या अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. गिटारीच्या तारा ब्रिजमार्गे थेट अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि जुन्या इमारतींतील दोन छिद्रांच्या सॉकेटवर ॲम्प्लिफायर चालवणे हे वादकाच्या जिवाशी खेळणे आहे. नव्या वादकांना मी आधी प्लग तपासायला सांगते आणि मगच गिटार हाती देते.

पॉटचे काम मला सर्वांत आवडते, कारण खर्च थोडा आणि फरक मोठा. एका गुंडाळीच्या पिकअपला २५० किलोओहमचा आणि हंबकरला ५०० किलोओहमचा पॉट लावण्याची प्रथा आहे. मूल्य जितके कमी, तितके वरचे स्वरांश अर्थिंगकडे निसटतात आणि आवाज मऊ होतो. मात्र २५० छापलेला पॉट मोजला तर २१० भरू शकतो किंवा २८०. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून पॉट आणले की मी प्रत्येक मल्टिमीटरवर मोजते आणि आकडा त्याच्या पाठीवर लिहिते. कर्कश गिटारीला कमी भरणारा, दबक्या आवाजाच्या गिटारीला जास्त भरणारा पॉट द्यायचा. टोनच्या कपॅसिटरबाबत मात्र जुन्या तेलकागदी कपॅसिटरसाठी हजारो रुपये मोजावेत असे मला वाटत नाही. ०.०२२ मायक्रोफॅरड आणि ०.०४७ मायक्रोफॅरड यांतील फरक स्पष्ट ऐकू येतो. एकाच मूल्याच्या दोन जातींमधला फरक माझ्या कानांना कधी जाणवलेला नाही. केबलही आवाज बदलते, कारण तिच्या प्रत्येक मीटरमध्ये थोडी धारणशक्ती असते. लांब केबलने आवाजाची धार थोडी उतरते, हे अनेकांना पिकअप बदलून झाल्यावर कळते.

चुंबकाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेकजवळच्या पिकअपचा चुंबक उलटा बसला होता. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की त्यांचे आवाज काही अंशी परस्परांना खोडत आणि एक पोकळ, नाकातून आल्यासारखा, काळजाला हात घालणारा सूर उरे. ती गिटार पुढे वादक गॅरी मूर यांच्याकडे आणि २०१४ मध्ये कर्क हॅमेट यांच्याकडे गेली; चुंबक सरळ करण्याचे धाडस कोणी केले नाही. हा प्रयोग घरी करता येतो. साध्या हंबकरचे तळाचे स्क्रू सैल करून चुंबकाची पट्टी अलगद सरकवून बाहेर काढावी आणि लांबीच्या अक्षावर पालथी करून परत घालावी. वेढ्यांची तार इतकी नाजूक असते की तेव्हा श्वाससुद्धा सांभाळून घ्यावा लागतो. माझ्या एका गिटारीत मी हा बदल केला आहे. आजवरच्या सगळ्या कामांत मला सर्वाधिक आनंद त्याच आवाजाने दिला, आणि तो दहा मिनिटांत पूर्ववत होऊ शकतो.

लाकडाचे काम इतके आज्ञाधारक नसते. सेटअपविषयी, म्हणजे वाद्य नीट जुळवून ठेवण्याविषयी, परदेशात लिहिलेले बहुतेक मार्गदर्शन हिवाळ्यातील कोरड्या हवेची भीती घालते, तर आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतील ओलावा ८० टक्क्यांच्या वर राहतो आणि कोकणात तर विचारूच नये. वाद्याला मानवतो तो पन्नाशीच्या आसपासचा ओलावा. पावसाळ्यात नेक आपली वक्रता बदलते. कोणती पुढे झुकते, कोणती मागे, हे तिच्या लाकडावर आणि वरच्या लेपावर ठरते. म्हणून मृग लागला की मी प्रत्येक गिटारीची तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधल्या फ्रेटवरची फट मोजते. ती मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असावी. नसेल तर नेकच्या आतल्या धातूच्या दांडीला, ट्रस रॉडला, पाव फेरा, मग एक रात्र विश्रांती, मग पुन्हा मोजणी. लाकूड घाई मानत नाही.

याच नेकवर आपला एक धागा आहे. गिटारींच्या फिंगरबोर्डसाठी, म्हणजे नेकवरच्या फ्रेट बसतात त्या पट्टीसाठी, पूर्वी ब्राझीलची शिसव वापरत. साठच्या दशकात ती दुर्मिळ होऊ लागली तसे अमेरिकी कारखाने भारतीय शिसवीकडे वळले आणि १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आल्यानंतर आपली शिसवच जगभर पसरली. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांतील ज्या लाकडाचे आजोळी पलंग आणि देव्हारे असत, त्याच लाकडावर जपान आणि अमेरिकेत बनलेल्या गिटारींचे फ्रेट बसलेले आहेत. २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या व्यापाराला परवाने लागू झाले; तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. मला तो जाच वाटला नाही. झाड टिकले तर वाद्य टिकेल.

गेल्या काही काळात मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते तानपुऱ्याच्या जवारीने. गिटारीत तार फ्रेटला लागून खरखरली की तो दोष. नट (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी), फ्रेट, ब्रिज हे सगळे घासून तो काढायचा. तानपुऱ्यात मात्र तीच खरखर साधायची असते. घोडीचा रुंद, किंचित बाकदार पृष्ठभाग, त्यावर तार टेकते, कंप पावताना टेकण्याची जागा पुढेमागे सरकते आणि प्रत्येक आंदोलनात वरचे स्वरांश नव्याने उजळतात. तारेखालचे सूत ती जागा नेमकी ठरवते. १९६७ मध्ये डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी कंपनीने वादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेवरून कोरल नावाची इलेक्ट्रिक सतार आणली, तिच्यात अशीच रुंद घोडी होती. मला ती घोडी एका साध्या टेलिकास्टर नमुन्याच्या गिटारीवर, नवे भोक न पाडता बसवायची होती.

त्यासाठी मिरज गाठावे लागले. तेथील सतारमेकर गल्लीतील घराणी मूळची शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांची आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मी नेलेली हाडाची पट्टी एका वयस्क कारागिरांनी उजेडाकडे धरली, फाईल फिरवली, तारा लावल्या, पुन्हा उतरवल्या. "ताई, तार घासली पाहिजे, पण अडली नाही पाहिजे," एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या सगळ्या कामाची मोजमापे मला त्या वाक्यात मिळाली. गिटारीची तार ६४८ मिलिमीटरची, तानपुऱ्याची त्याहून बरीच लांब आणि सैल; म्हणून गिटारीच्या घोडीचा बाक फारच हलका ठेवावा लागतो, नाहीतर सूर उमटताच मरतो. शिवाय जवारीचा उजेड वरच्या स्वरांशांत असल्यामुळे तो नेकच्या पिकअपला जवळजवळ ऐकू येत नाही, ब्रिजच्या पिकअपला येतो, आणि २५० च्या जागी ५०० चा पॉट लावल्यावर अधिक खुलतो. मिरजेची फाईल आणि लॅमिंग्टन रोडचा पॉट एकाच आवाजासाठी कामाला आले. हाडाला पोलादी तारांचे चरे लवकर पडतात, तेव्हा घोडी अधूनमधून पुन्हा घासावी लागते. तानपुऱ्याचेही तेच असते.

आता टेबलावर जी गिटार आहे, तिने माझ्या नियमाची परीक्षा घेतली आहे. ती १९८२ पासून बनू लागलेल्या पहिल्या जपानी स्क्वायर (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या) गिटारींपैकी एक आहे, मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात बनलेली. त्या काळातल्या स्क्वायर इतक्या उत्तम निघाल्या की आज संग्राहक त्या शोधत फिरतात. मला ती मडगावच्या एका निवृत्त वादकांकडून मिळाली. आयात वाद्ये हाती लागणे कठीण असलेल्या दिवसांत त्यांनी ती जहाजावरच्या नोकरीत असताना घेतली आणि लग्नांत, तियात्रांत, चर्चच्या फेस्तांत वाजवली. पिकअप मूळचे, पॉट मूळचे, सोल्डर न छेडलेला. पण पहिले पाच फ्रेट कॉर्ड धरून धरून इतके झिजले आहेत की तार बसते तेथे खाचा पडल्या आहेत आणि पूर्वी एकदा ते घासून समतल केलेले असल्यामुळे आता काढण्याजोगा धातू उरलेला नाही. संग्राहकाच्या दृष्टीने ते मूळ फ्रेट आहेत. वादकाच्या दृष्टीने ही गिटार वाजत नाही. फ्रेट बदलणे म्हणजे शिसवीतील खाचांना हात लावणे, आणि ती क्रिया उलटवता येत नाही.

काम कसे करायचे ते ठरवले आहे. प्रत्येक फ्रेट सोल्डरिंगच्या बंदुकीने तापवायचा, म्हणजे शिसव मऊ होऊन कपचे उडणार नाहीत, आणि सपाट तोंडाच्या पकडीने एका कडेपासून हळूहळू उचलायचा. नवे फ्रेट मूळच्याच रुंदीचे आणि उंचीचे, म्हणजे खाच वाढवावी लागणार नाही. पिकअपला, पॉटला, रंगाला हात लागणार नाही. मी त्या वादकांना दूरध्वनी करून विचारले, कारण त्या खाचा त्यांच्या बोटांच्या आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की काम झाल्यावर बारावा फ्रेट सुरात येईल ना, कारण तेथे ती पूर्वीपासून थोडी चढी होती. ब्रिजचे सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे घेतले की येईल, असे मी त्यांना सांगितले आहे. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की काम सुरू करीन, आणि गिटार नाताळापूर्वी मडगावला नेऊन त्यांना वाजवायला देईन.